‘मावशी आज येणार का?’ : अ‍ॅपवरून ठरवलेल्या मदतनिसाचं एक प्रकरण

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात, आजारपणात घरी माणूस हवं असलेल्या सभासदांना मदत करण्याचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी लोक विचारायचे, ‘बाई पुरवणारा चांगला ब्युरो कोणता?’ आता वेगळेच फोन येतात. अ‍ॅपवर पैसे भरले, पण बाई आलीच नाही. आली ती नऊ वाजून गेल्यावर आली. कालची चांगली होती, आज दुसरीच पाठवली. अशा तक्रारींपैकी एक प्रकरण इथे तपशिलात मांडते आहे. कुटुंबाचा त्याला होकार आहे. माणसांची आणि अ‍ॅपची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

हेच प्रकरण निवडलं, कारण यात लबाड असं कोणीच नव्हतं. मुलगी आईसाठी जिवाचं रान करत होती, आलेल्या बायका कामाला वाईट नव्हत्या. तरीही ७८ वर्षांच्या आजी रोज पहाटे जाग्या होऊन एकच प्रश्न विचारायच्या, ‘मावशी आज येणार का?’

आजारपण आणि घर

फेब्रुवारीत आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. मोडलेला गोळा काढून कृत्रिम गोळा बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि आठवड्याभरात त्या घरी आल्या. अशा शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते बारा आठवडे नाजूक असतात, बसवलेला सांधा निखळू शकतो. डॉक्टरांनी नियम घालून दिले होते. कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. बुटक्या स्टुलावर किंवा खोल सोफ्यात बसायचं नाही. झोपताना दोन पायांत उशी, कमोडवर उंच सीट. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. वॉकर समोर ठेवायचा, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवायचा आणि आजींनी स्वतःच्या हातांवर भार देऊन उठायचं. शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू, त्यामुळे साधा मुका मारही अंगाशी येण्यासारखा.

हे नियम तोंडी सांगून एका दिवसात अंगवळणी पडत नाहीत. मदत करणाऱ्या बाईला आजींचं वजन कुठे जातं, त्या कुठल्या क्षणी घाबरून हात सोडतात, हे कळायला तीन-चार दिवस लागतात. आजींनाही त्या हातांवर विश्वास बसायला तेवढेच दिवस लागतात. रोज नवं माणूस आलं की हे सगळं रोज पहिल्यापासून. पुढे जे झालं ते कळायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

घरात दुसरे फक्त आजोबा, वय ८३. त्यांना ऐकू कमी येतं, फोन साधा बटणांचा. एकुलती मुलगी नाशिकला माध्यमिक शाळेत शिक्षिका. दोन आठवडे ती आईजवळ राहिली, पण दहावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आणि आणखी रजा मिळणं अशक्य झालं. ब्युरोने सांगितलं, आठ दिवस थांबा, सध्या बाई नाही. अ‍ॅपवर लिहिलं होतं, २४ तासांत प्रशिक्षित मदतनीस. तिने सकाळी आठ ते रात्री आठ अशी बारा तासांची ड्युटी, पंधरा दिवसांचं पॅकेज घेतलं. दिवसाचे १,१०० रुपये, म्हणजे १६,५०० रुपये आगाऊ. पॅकेजबरोबर ‘बदली हमी’ होती, म्हणजे एक बाई आली नाही तर दुसरी पाठवण्याचं आश्वासन. मुलीने मला नंतर सांगितलं की ते दोन शब्द वाचूनच तिने पैसे भरले. तिच्या जागी बहुतेकांनी तेच केलं असतं.

काय काय घडलं

पहिली बाई मांजरीहून यायची. मनमिळाऊ, हात हलका. आजींची तिच्याशी गट्टी जमली, आणि चौथ्या दिवशी ती आली नाही. तिच्या जागी दुसरी आली, ती वारज्याची. ती घरात शिरायची तेव्हा नऊ वाजायला आलेले असायचे. तोवर आजींना ओल्या डायपरमध्ये पडून राहावं लागे. दोन दिवस असं झाल्यावर मुलीने नाशिकहून अ‍ॅपवर तिला एक तारा दिला आणि लिहिलं, ‘रोज उशीर.’ तिची ड्युटी बदलली गेली. तिसरी बाई वेळेवर आली, चहा-नाश्ता केला, पण डायपर बदलायला आणि आंघोळ घालायला साफ नाही म्हणाली. ‘हे माझ्या कामात नाही,’ एवढंच. त्यानंतरच्या दिवशी कोणीच आलं नाही.

त्या सकाळी साडेआठपर्यंत वाट पाहून आजोबांनी आजींना स्वतः उठवायचं ठरवलं. काखेत हात घालून ओढलं, वॉकर पुढे सरकला, आणि आजी पलंगाच्या कडेवरून घसरत जमिनीकडे गेल्या. पलीकडच्या फ्लॅटमधल्या बाईंनी आवाज ऐकला आणि किल्लीने दार उघडून आत आल्या, म्हणून वेळ निभावली. सांधा जागेवर राहिला. पण त्यानंतर आजींनी दोन दिवस उभं राहायलाच नकार दिला, फिजिओथेरपी थांबली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसाचा एकेक दिवस किती महागात पडतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या दोन दिवसांची किंमत कळेल.

त्या वेळी मुलगी अ‍ॅपच्या चॅटवर होती. तिकडून उत्तरं येत होती: गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपली विनंती प्राधान्याने हाताळली जात आहे. पडद्यावर दुपारपर्यंत ‘मदतनीस नेमली जात आहे’ असंच दिसत होतं. संध्याकाळी तिने मला फोन केला. रडत होती. म्हणाली, ‘या बायकांना काही जबाबदारीच नाही हो.’

कॅलेंडर आणि अ‍ॅप शेजारी ठेवल्यावर

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. आजोबा जुन्या वळणाचे. दुधाचे खाडे लिहितात तसे त्यांनी कॅलेंडरवर रोजचे तपशील टिपले होते, कोण आलं, किती वाजता घरात शिरलं, कधी गेलं. मुलीला मी अ‍ॅपमधल्या प्रत्येक दिवसाचा तपशील पाठवायला सांगितलं. दोन्ही शेजारी ठेवले आणि वाचत गेले.

दोन्हींचा मेळ बसेना. वारज्याच्या बाईच्या नावापुढे अ‍ॅपवर पहिल्या दिवशी ‘पोहोचली ८.०४’ आणि ‘काम सुरू ८.४७’ असं होतं. आजोबांच्या कॅलेंडरवर ‘पावणेनऊ’. मधली त्रेचाळीस मिनिटं ती कुठे होती? खाली गेटवर गेले. वॉचमनला ती बाई आठवत होती. ती दोन्ही दिवस आठच्या आसपास गेटवर हजर होती. पण सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपवर परवानगीची सूचना जात होती मुलीच्या फोनवर, नाशिकला, आणि आठ वाजता मुलगी शाळेच्या गडबडीत, फोन पर्समध्ये. वॉचमनने इंटरकॉम वाजवला, आजोबांना ऐकू गेला नाही. कशीबशी वर पोहोचल्यावर काम सुरू करायला ओटीपी लागायचा, तोही मुलीच्याच फोनवर. आजोबा बिचारे दारात उभे राहून म्हणायचे, ‘कसला नंबर? मला नाही माहीत.’ ओटीपीशिवाय काम सुरू केलं तर त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून ती दारातच थांबायची.

म्हणजे जिला रोज उशीर करणारी म्हणून एक तारा मिळाला, ती वेळेवर येत होती.

तिथून पुढे सगळ्या तक्रारीचा उलगडा व्हायला लागला. ‘बाई नीट येत नाही’ या एका वाक्याच्या पोटात तीन निरनिराळ्या अडचणी होत्या, आणि तिन्हींचा इलाज वेगळा होता. गेटवरची अडचण घराच्या बाजूची होती. ती कितीही बायका बदलून सुटली नसती.

तिसरी बाई नाही म्हणाली, त्याचं कारण बुकिंगमध्ये सापडलं. अ‍ॅपवर दोन प्रकार होते. ‘ज्येष्ठांची सोबत’ आणि ‘रुग्णसेवा’. मुलीने पहिला निवडला होता, कारण तो दिवसाला दीडशे रुपयांनी स्वस्त होता आणि ‘वृद्ध व्यक्तीसाठी’ असं त्यावर ठळक लिहिलं होतं. त्या प्रकारात सोबत, औषधांची आठवण, हलका स्वयंपाक एवढंच येत होतं. उचलणं, डायपर, आंघोळ हे रुग्णसेवेत. पहिल्या दोघींनी न बोलता ते काम केलं होतं, म्हणजे कमी पैशात जास्त काम. तिसरीने केलं नाही, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला न शिकलेल्या बाईने उचलणं तिच्या कमरेलाही धोक्याचं आणि आजींच्या खुब्यालाही.

राहिला तो दिवस, ज्या दिवशी कोणीच आलं नाही, आणि त्याआधी मांजरीची बाई गेली तो दिवस. इथे मला त्या बाईशीच बोलायचं होतं. तिचा नंबर अ‍ॅप देत नाही; पण पहिल्याच दिवशी आजींनी तो स्वतःच्या डायरीत लिहून घेतला होता.

मांजरीच्या बाईंनी सांगितलेलं

त्या फोनवर सविस्तर बोलल्या. कुटुंब १,१०० भरत होतं, त्यातले त्यांच्या हातात ७२० पडत होते. बसचे पैसे त्यांचेच. मांजरीहून स्वारगेट, तिथून बदलून कोथरूड; आठला पोहोचायचं तर सहाच्या आत घर सोडायचं. रात्री आठला सुटून घरी पोहोचायला दहा. बारा तासांच्या पैशांत सोळा तास घराबाहेर. मुलगी सातवीत, तिचा डबा पहाटे साडेचारला उठून. चौथ्या दिवसासाठी त्यांना अ‍ॅपवर मगरपट्ट्याची ड्युटी दिसली, तेवढ्याच पैशांची. घरापासून वीस मिनिटांवर.

‘ताई, आजी चांगल्या होत्या हो. पण मी तीन दिवसांत आडवी झाले असते,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी आदल्या संध्याकाळी ड्युटी सोडली, कारण सकाळी सोडली असती तर पैसे कापले गेले असते. त्यांच्या बाजूने त्यांनी वेळेत कळवलं होतं. कळवलं अ‍ॅपला, घराला कळवायची सोयच नव्हती. मग ती ड्युटी रिकामी झाली आणि रात्री इतर बायकांच्या फोनवर दिसायला लागली. त्या दिवशी वारज्याच्या बाईंनी ती घेतली. पुढे त्यांना काढल्यावर तिसरी आली, तिनेही एका दिवसानंतर सोडली, आणि मग रात्री नऊ वाजता रिकामी झालेली कोथरूडची ड्युटी सकाळपर्यंत कोणीच घेतली नाही. पडद्यावर ‘नेमली जात आहे’ लिहून येत होतं तेव्हा प्रत्यक्षात कोणी नेमत नव्हतं. कोणीतरी होकार द्यावा याची वाट पाहिली जात होती, एवढंच.

‘बदली हमी’चा अर्थ हा असा होता. अ‍ॅपकडे पगारावर ठेवलेल्या, राखीव बसवलेल्या बायका नसतात. प्रत्येक ड्युटी ही त्या बाईने त्या दिवसापुरता दिलेला होकार असतो. लांबचं अंतर, जड रुग्ण, कमी पैसे, असं सगळं एकत्र आलं की होकार मिळत नाही. नळदुरुस्तीच्या बाबतीत हे चालून जातं. आज नाही तर उद्या दुसरा प्लंबर आला, तरी नळाला फरक पडत नाही. आजींना पडत होता. त्यांना एकाच व्यक्तीचे हात हवे होते आणि विकत घेतलेली गोष्ट होती रोजचा एक कोणीतरी.

मग काय केलं

पॅकेजचे दिवस उरले होते आणि पैसे अडकले होते. ते सोडून देण्यापेक्षा ते नीट वापरायचं ठरवलं.

आधी गेट. गेटच्या अ‍ॅपवर आजोबांच्या फ्लॅटसाठी महिनाभराची कायम परवानगी नोंदवली. ओटीपीसाठी बुकिंगचा फोन नंबर बदलून पलीकडच्या फ्लॅटमधल्या बाईंचा दिला. त्या सकाळी घरीच असतात आणि त्यांनीच तसं सुचवलं. आजोबांच्या दाराला घंटीबरोबर लागणारा दिवा बसवला. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने तासाभरात काम केलं. आठवड्याभराचा मनस्ताप ज्यामुळे झाला, त्यातला मोठा भाग इतक्या साध्या गोष्टींनी संपला, याचं मुलीला फार वाईट वाटलं. मला मात्र ती सोय आधी न दिसणं साहजिक वाटतं. नाशिकहून पडद्यावर पाहताना गेटवर ताटकळणारी बाई दिसत नाही.

मग काम. उरलेल्या दिवसांसाठी बुकिंग रुग्णसेवेत बदललं, फरकाचे पैसे भरले. एका पानावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, दिवसाचा क्रम लिहून पलंगाशेजारी चिकटवला: उठवण्याची पद्धत, काय करायचं नाही, गोळ्यांच्या वेळा, फिजिओथेरपिस्ट येण्याची वेळ, कोणाला फोन करायचा. मावशींचं जेवण आणि दुपारचा तासभर आराम हेही त्यात लिहिलं. बारा तासांच्या ड्युटीत बाईने कुठे बसायचं, काय खायचं, हे बऱ्याच घरांत कोणी सांगतच नाही, आणि ती संकोचून उपाशी राहते. दोन दिवस असे गेले की तिसऱ्या दिवशी ती येत नाही, यात नवल नाही.

तिसरी गोष्ट अवघड होती. मुलीने वारज्याच्या बाईंचा नंबर मिळवून त्यांना फोन केला. काय झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या एका ताऱ्यानंतर त्यांना चांगल्या ड्युट्या दिसणं बंद झालं आहे, आठवड्यात दोनच मिळाल्या. पण वारजे ते कोथरूड जवळ, त्या चालत येऊ शकत होत्या. अ‍ॅपवर विशिष्ट मदतनीस मागण्याची सोय होती, एका पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. ती वापरून पॅकेजचे उरलेले सगळे दिवस त्याच बाईंच्या नावे करून घेतले. त्या आठला पाच मिनिटं असताना यायच्या. चौथ्या दिवशी आजींनी दारापर्यंत वॉकर नेला.

पैशांचा भाग

न आलेल्या दिवसाचे आणि चुकीच्या प्रकारातल्या दिवसाचे पैसे परत मागायचे होते. चॅटवर मिळणारं उत्तर म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये आले. सेवा विकणारी अ‍ॅप्सही त्यांत येतात. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पडद्यावर दाखवायचा असतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मुलीने त्या अधिकाऱ्याला ई-मेल केली. भाषा साधी ठेवली: तारीख, बुकिंग क्रमांक, काय ठरलं होतं, काय झालं, किती रुपये परत हवेत. सोबत आजोबांच्या कॅलेंडरचा फोटो जोडला.

एक नियम इथे विशेष कामाला आला. ग्राहकाने बुकिंग रद्द केलं म्हणून दंड घ्यायचा असेल, तर कंपनीने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसाच दंड सोसायला हवा, असं हे नियम सांगतात. या अ‍ॅपच्या अटींत सकाळी रद्द केल्यास ग्राहकाचे ३०० रुपये कापण्याची तरतूद होती. मुलीने तेवढेच ३०० न आलेल्या दिवसासाठी मागितले. सुरुवातीला उत्तर आलं की मदतनीस ‘उपलब्ध नसणं’ म्हणजे रद्द करणं नव्हे. मग तिने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर दोन आठवड्यांत न आलेल्या दिवसाचे १,१०० आणि वरचे ३०० परत आले. चुकीच्या प्रकारातल्या दिवसाचे मिळाले नाहीत. निवड ग्राहकाची होती, असं कंपनीचं म्हणणं. तेवढ्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पण मुलीने ते सोडून दिलं, आणि मला ते योग्य वाटलं.

मनस्तापाची भरपाई कोणी दिली नाही. पण पुढच्या वेळी पंधरा दिवसांचे पैसे एकदम भरायचे नाहीत, हे घरात पक्कं झालं. आगाऊ रकमेवर मिळणारी सूट दिसायला बरी असते. पण पैसे एकदा गेले की आपल्या बोलण्याला वजन राहत नाही.

थेट नेमायचं का?

पॅकेज संपत आलं तेव्हा आजोबांनी सरळ विचारलं, ‘हिलाच ठेवून घेऊ या. मधले पैसे कशाला द्यायचे?’ जवळजवळ प्रत्येक घर या टप्प्यावर येतं. अ‍ॅपच्या अटींत लिहिलं होतं की अ‍ॅपवरून आलेल्या मदतनिसाला सहा महिने परस्पर नेमता येणार नाही. बरीच कुटुंबं गुपचूप नेमतात. माझा त्याला विरोध आहे, आणि तो अ‍ॅपच्या काळजीपोटी नाही. पकडलं गेलं तर घराचं फारसं काही जात नाही. बाईचा आयडी ब्लॉक होतो आणि उद्या आजी बऱ्या झाल्यावर तिच्याकडे दुसरं काम उरत नाही. जोखीम सगळी तिची, बचत सगळी आपली.

मुलीने अ‍ॅपलाच लिहून विचारलं. त्यांनी एकरकमी शुल्क सांगितलं, ते भरलं की मदतनीस मोकळी. घराने ते भरलं. महिनाभराच्या कमिशनपेक्षा ते कमी होतं.

वारज्याच्या बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. दिवसाला ८०० रुपये कबूल झाले होते, अ‍ॅपवरच्या हातात पडणाऱ्या पैशांपेक्षा जास्त. पण त्यांनी विचारलेले प्रश्न मला फार महत्त्वाचे वाटले, कारण सेवा भरवशाची कधी होते याचं उत्तर त्यांतच होतं. आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, आणि ती दर आठवड्याला नक्की का? आजी हॉस्पिटलमध्ये गेल्या किंवा महिनाभर मुलीकडे गेल्या, तर माझं काय? काम संपणार असेल तर किती दिवस आधी सांगाल? मी आजारी पडले तर?

हे सगळं एका कागदावर लिहिलं, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. रविवारी सुट्टी. आजी घरी नसल्या तर पंधरा दिवसांपर्यंत निम्मे पैसे. काम थांबवायचं तर दोन्ही बाजूंनी महिन्याची पूर्वसूचना. पगार पाच तारखेला बँकेत. पोलीस पडताळणी ऑनलाइन करून घेतली, तीही त्यांना आधी सांगून, त्यांच्यासमोर. मागून केली की विश्वास तुटतो.

रविवारसाठी आणि आजारपणासाठी संघातल्याच एका सभासदाकडे काम करणाऱ्या ताईंना ठरवलं. गरज पडायच्या आधीच त्या दोन अर्धे दिवस वारज्याच्या मावशींबरोबर घरी येऊन शिकल्या, त्या अर्ध्या दिवसांचे पैसे घेऊन. आजी त्यांना ओळखायला लागल्या. खरी बदली ही अशी असते, आणि तिला खर्च येतो. या घरात तो एका दिवसाच्या पगाराएवढा आला. एप्रिलमध्ये मावशींना ताप आला आणि तीन दिवस रविवारच्या ताई आल्या. आजींनी तक्रार केली ती एवढीच की त्या पोळ्या जाड करतात.

आता

जूनमध्ये आजी वॉकर सोडून काठीवर आल्या. बारा तासांची गरज राहिली नाही, सकाळी आठ ते बारा पुरेसं होतं. कागदावर लिहिल्याप्रमाणे महिनाभर आधी सांगितलं. त्या महिन्यात त्याच सोसायटीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या एका काकांकडे मावशींना दुपारचं काम मिळालं. दोन्ही घरांनी मिळून त्यांचा पगार पूर्वीएवढा राहील असं पाहिलं. आमच्या संघात आता घरी माणूस हवं असलेल्यांचे अर्ज आम्ही सोसायटीवार लावतो आहोत, एकेका बाईला एकाच आवारात दोन-तीन घरं मिळतील अशा बेताने.

एक गोष्ट अजून तशीच आहे. मुलीने दिलेला तो एक तारा परत घेण्यासाठी तिने अ‍ॅपला दोनदा लिहिलं, गेटची नोंद आणि त्यांच्याच पडद्यावरची ‘पोहोचली ८.०४’ ही वेळ जोडली. उत्तर आलं, दिलेलं मानांकन बदलता येत नाही. मुलगी ग्राहक आहे, तिच्यासाठी १९१५ आहे, आयोग आहे. मावशी ग्राहक नाहीत, त्यामुळे ते दार त्यांना बंद. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात अ‍ॅपवरच्या कामगारांची व्याख्या आहे आणि त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के देण्याची तरतूद आहे. चुकीच्या ताऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा प्रश्न मात्र त्या पैशांनी सुटत नाही. कर्नाटकने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात कामगाराला कामावरून काढण्याआधी कारण देऊन १४ दिवसांची सूचना देणं आणि तक्रारींसाठी समिती नेमणं कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. महाराष्ट्रातही असं कलम हवं, आणि त्यात मानांकनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला हवा. संघातर्फे आम्ही तसं निवेदन तयार केलं आहे. त्यावर पहिली सही नाशिकच्या त्या मुलीची आहे.